कात्रजच्या घाटात मिळालेली पिकअप

स्वारगेटला एसटीतून उतरलो तेव्हा माझ्या खिशात जुनी गाडी घेताना तपासायच्या बावीस गोष्टींची यादी होती. पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून मी ती केली होती. माझी बायको सुनंदा फलटणजवळ डाळिंबाच्या रोपांची नर्सरी चालवते. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला सल्ले देतो. आमचा टेम्पो कायमचा बसला होता. भाड्याच्या गाडीवाल्याने एका गिऱ्हाइकाची सगळी रोपं उन्हात वाळवली होती. पुढच्या आठवड्यात दुसरी मोठी ऑर्डर पोचवायची होती, म्हणून आम्ही पिकअप शोधायला पुण्यात आलो.

“हडपसरला येता का?” मी रिक्षावाल्याला विचारलं.

“येतो. तुम्हाला घाई नाही ना?”

दीड तासाने पोचल्यावर त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

हडपसरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात एक पिकअप नवरीसारखी चमकत होती. “सर, सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी,” विक्रेता म्हणाला. माझ्या यादीतल्या बावीसही गोष्टी जुळल्या. मी स्टिअरिंगवर बसून फोटोसुद्धा काढून घेतला. तेवढ्यात सुनंदाने पायाखालची मॅट उचलली. खाली वाळलेल्या गाळाचा थर होता.

“डॉक्टर नदीतून जायचे का?” तिने विचारलं.

विक्रेत्याला एकदम कुणाचा तरी फोन आला.

शेजारच्या टपरीवर चहा-क्रीमरोल घेताना आम्हाला एक गॅरेजवाला भेटला. “चांगली गाडी पायजे तर कात्रजला जावा. केटरिंगवाल्या आपटेकाकांची हाय. स्वस्तात देत्यात, पण माणूस बघून.”

आपटेकाका फाटकाशीच उभे होते. त्यांनी सांगितलेली किंमत हडपसरच्या निम्मी होती.

“एवढी स्वस्त? काहीतरी दोष असेल,” मी म्हणालो.

“आहेत की. मागचं फळकूट आपटल्याशिवाय लागत नाही. हॉर्न बारीक आहे. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मात्र नवे आहेत.”

“मग थोडं कमी...”

“कमी करून हवं असेल तर हडपसरला जा. इथे आधीच कमी आहे. चला, घाटात चालवून दाखवा.”

तिघं पुढे बसलो. जुन्या घाटातल्या चढावर काकांनी गाडी थांबवायला सांगितली. मी थांबवली. पुन्हा निघताना ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, तर हळूहळू मागे जाऊ लागली. मागे दुधाचा टँकर हॉर्न वाजवत होता.

“अहो, आपण परत निघालोय का?” काकांनी विचारलं. मग म्हणाले, “माफ करा. ही गाडी तुम्हाला नाही द्यायची.”

ऑर्डर गेली, असंच वाटलं.

“काका,” सुनंदा म्हणाली, “गाडी मी चालवणार आहे. मला कुणी विचारलंच नाही.”

आम्ही जागा बदलल्या. तिने पदर खोचला, हँडब्रेक हळूच सोडला आणि गाडी इंचभरही मागे न जाता चढ चढून गेली. पुढच्या वळणावर काका “घरी चला,” एवढंच म्हणाले.

घरी कागदांवर सही करायला आपटेकाकू काठी टेकत बाहेर आल्या. गाडी त्यांच्या नावावर होती. वीस वर्षं पंगतींचं सामान त्याच पोचवत होत्या.

“गुडघे गेले नसते तर दिली नसती,” त्या सुनंदाला म्हणाल्या. “नुसती उभी करून ठेवणाऱ्याला तर मुळीच नाही.”

“आणि हे?” सुनंदाने काकांकडे पाहिलं.

“हे किंमत सांगतात.”

मी आणि काका बराच वेळ फाटकाच्या रंगाकडे पाहत उभे राहिलो.

संध्याकाळी शिरवळ, लोणंद करत घरी पोचलो. पुढच्या आठवड्यात रोपं वेळेवर आणि टवटवीत पोचली. पुण्यात चांगली पिकअप स्वस्तात मिळते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. ती कुणामुळे मिळाली, हे मात्र लोकांनी विचारल्यावरच सांगतो.

परवा लोणंदजवळ मी सहज म्हणालो, “जरा सावकाश.” सुनंदाने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. पाच मिनिटं आम्ही तसेच बसलो.

मग मी किल्ली परत दिली.