येलदरीच्या मच्छीमाराचं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगायलोय, कारण काल — पण थांबा, कालचं मागून सांगतो.

परभणीत आमचं एक डाव्या विचाराचं मासिक निघायचं. सोळा पानं, संपादक मी. दर रविवारी सायकलच्या दुकानामागच्या खोलीत बैठक. अन् भांडण कशावर? तर पुण्याच्या एका मासिकानं आमच्या उत्तराला जे उत्तर दिलं, त्याला उत्तर द्यायचं की नाही! तेही डावे, आम्हीही डावे, वाचकही तेच. लय वैताग हो. एकेका शब्दाचा कीस पाडण्यात दुपार जायची. अन् त्यात सगळ्यात पुढं कोण? मीच.

त्या खोलीत शहाणी एकटी सुमनताई. बोरीची अंगणवाडी सेविका. शेवटची दोन पानं तिची. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनी दिवसभर लघवीला जायचं कुठं — असलं लिहायची. साधंच, पण वाचलं की विसरता यायचं नाही. मला मात्र तीच दोन पानं पाहिजे होती, पुण्याला द्यायच्या माझ्या उत्तरासाठी. आधी मूळ प्रश्न, मग हे बायांचं, असं म्हणून पाहिलं. बैठकीनं ऐकलं नाही.

आता कसं सांगू? — आमच्यात एक रीत होती. कष्टकरी वाचकाचं पत्र आलं की वाद बंद. त्याच्यापुढं कुणी ब्र काढायचा नाही.

तर पत्र आलं. येलदरी धरणावरच्या एका मच्छीमाराचं. 'आमी अडाणी मानसं. बायांचं रडगाणं घरी रोजच ऐकतो, त्याला पानं कशाला? आमाला काही मोठं शिकवा.' मी ते बैठकीत मोठ्यानं वाचलं. वाद तिथंच बंद.

ते पत्र मी लिहिलं होतं. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं.

सुमनताई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्र मागून घेतलं, अन् पुढच्या रविवारी बैठक सोडून एसटीनं येलदरीला गेली. आपलं चुकलं कुठं, हे त्या माणसाला विचारायला! धरणाच्या काठानं जाळीवाल्यांना विचारत दिवसभर फिरली. कुणाला मासिकाचं नावही माहीत नव्हतं. परत आल्यावर म्हणाली, "सापडला न्हाई. भिला असंल बिचारा. पण त्याचं खरं हाय, सर. मला लिहिता येत न्हाई."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं की नाही? मी तिच्यासाठी चहा सांगितला. दोन पानं मला मिळाली. अन् ते उत्तर — पुण्यावाल्यांनीसुद्धा वाचलं नाही.

मासिक बंद पडून वर्षं झाली. काल काही पोरींनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांना नवं मासिक काढायचंय. सुमनताईला म्हणाल्या, तुम्ही लिहा. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"मला न्हाई जमत, पोरींनो. एका वाचकानंच सांगितलंय," ती म्हणाली. मग तो कागद माझ्या हातात दिला. "चष्मा घरी राहिला, सर. तुमीच वाचा."

मी वाचलं. मोठ्यानं, शेवटपर्यंत.