खिळ्यांचा कोपरा

डेनिस लार्टरने जमिनीतली नाणी शोधायचा नवा डिटेक्टर घेतला तो जुन्याची दांडी मोडली म्हणून. हौस म्हणून नव्हे, असं त्याने बायकोला सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

दुकानदाराने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, चांदीचं एक बारीक नाणं टेबलावर ठेवलं आणि यंत्राची बटणं दाबत बसला. ‘‘आता? बरं, आता?’’ बऱ्याच वेळाने डेनिसने मान डोलावली. ‘‘झालं तर. आता हे कुणाला हलवू देऊ नका,’’ दुकानदार म्हणाला. गिऱ्हाइकाला खेळवतोय लेकाचा, असं डेनिसला वाटलं.

रविवारी तो हॉवलेटबाईंच्या शेतावर गेला. बार्लीची कापणी झाली होती, धसकटं उभी होती. गेली कित्येक वर्षं हे शेत डेनिस आणि आयव्हन मॉब्स या दोघांचं. म्हणजे मालकी बाईंची, पण नाणी शोधायला इथे दुसऱ्या कुणाला पाऊल टाकता येत नसे. परवानगी डेनिसने मिळवली होती. आयव्हनला त्यानेच आणलं, आपल्या शब्दावर. दोघं कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर जन्मभर रस्ते फोडायच्या एकाच ड्रिलला हात लावून राबले होते. नियम साधे होते. फाटक लावायचं, खड्डा बुजवायचा, जे मिळेल ते त्याच दिवशी बाईंना दाखवायचं आणि निम्मं त्यांचं.

खालचा अर्धा भाग डेनिसचा, वरचा आयव्हनचा. वरच्या टोकाला पूर्वी लोहाराचं दुकान होतं. तो सगळा कोपरा खिळ्यांनी भरलेला.

‘‘तिकडे काही नाही,’’ आयव्हन नेहमी म्हणायचा. ‘‘नुसती लोखंडाची गुरगुर. तुझ्या गुडघ्यांना कशाला त्रास?’’

त्या रविवारी आयव्हन लेकीकडे गेला होता. नव्या यंत्राला अवघड जागा दाखवावी म्हणून डेनिस कोपऱ्यात शिरला. हेडफोनमध्ये लोखंडाची जाड गुरगुर सुरू झाली, आणि तिच्या मधोमध एक स्वच्छ, गोल आवाज आला. त्याने यंत्राच्या टोकाची तबकडी मागे घेतली. पुन्हा तोच. आडवी फिरवली, उभी फिरवली. आवाज हलेना.

त्याने हिरवळ कापावी तसा मातीचा तुकडा तिन्ही बाजूंनी कापला, उलटा करून ठेवला, हाताने माती चाळली. चांदीची पेनी, जुनं इंग्रजी नाणं. हातोडीने ठोकलेली, नखाएवढी, एका बाजूला क्रॉस. दोन पावलांवर आणखी एक.

एरवी त्याने आरोळी ठोकली असती. आज त्याने नाणी मुठीत धरली आणि आजूबाजूला पाहिलं. धसकटांत जागोजागी कापलेले तुकडे दिसत होते, नीट परत बसवलेले. आयव्हनचंच काम, त्याची फावड्याची रेघ डेनिस कुठेही ओळखायचा. त्याने एक तुकडा उचलून खाली यंत्र फिरवलं. खड्डा रिकामा होता.

नुसते खिळे आहेत म्हणतो, मग खणतो कशाला?

हा प्रश्न डेनिसबरोबर घरी आला. जेवताना त्याला आठवलं की आयव्हनने वसंतात छपराची पन्हाळं बदलली. दोनदा स्पेनला जाऊन आला. दर वेळी परतताना फाटकाशी पोचला की ‘तू हो पुढे, मी जरा बूट पुसतो’ म्हणतो. गेली काही वर्षं दोघांच्याही पिशवीत तांबं आणि शिसंच पडत होतं, चांदीचं नाव नाही. शेत संपलं, असं आयव्हनच पहिल्यांदा म्हणाला होता. डेनिसनेही मान डोलावली होती!

बुधवारी दोघं बरोबर गेले. चहाच्या वेळी डेनिसने सहज बोलल्यासारखं म्हटलं, ‘‘लोहाराच्या कोपऱ्यात जाऊ म्हणतो.’’

‘‘नवं खेळणं घेतलंस म्हणून खिळ्यांचं सोनं होणार आहे का, म्हाताऱ्या?’’

‘‘तू खणतोस ना तिथे.’’

‘‘खणतो. खिळे काढतो. बाईंच्या ट्रॅक्टरच्या चाकात जातात.’’

‘‘फार काळजी तुला चाकांची.’’

आयव्हनने थर्मासचं चहा भरलेलं झाकण खाली ठेवलं. ‘‘तुला म्हणायचंय काय, डेनिस?’’

‘‘काही नाही. सॉसेज रोल घे.’’

आयव्हनने घेतला नाही.

दर वर्षी कापणीनंतर हॉवलेटबाई अंगणात उभ्या राहून एकच विचारायच्या, ‘‘दोघंही ना?’’ आणि डेनिस म्हणायचा, ‘‘दोघंही.’’ एवढ्यावर वर्ष चालायचं. गुरुवारी बाईंनी तेच विचारलं, तेव्हा डेनिसला ते म्हणता येईना. आयव्हन चोरत असेल तर चोराला आत आणणारा तोच. पंचक्रोशीत दुसरं कोण त्याला शेत देणार? आणि चोरत नसेल, तर? तो विचार त्याने फार वेळ टिकू दिला नाही.

‘‘बाई, तुम्ही जरा वर याल का? तुमच्यासमोरच होऊन जाऊ दे,’’ तो म्हणाला.

बाई आल्या, त्यांचा कुत्राही आला. आयव्हन कोपऱ्यातच होता. डेनिसने खिशातून दोन्ही पेन्या काढून तळहातावर ठेवल्या.

‘‘इथल्या आहेत. याच्या भागातल्या. हा म्हणतो इथे काही नाही.’’

आयव्हनने नाण्यांकडे पाहिलं. मग डेनिसकडे. ‘‘कधी मिळाली?’’

‘‘रविवारी.’’

‘‘आणि आज दाखवतोयस? बाईंना न सांगता चार दिवस खिशात घेऊन फिरलास?’’

डेनिसचे कान तापले. ते खरं होतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

‘‘विषय बदलू नकोस. तुझं यंत्र आण. हेडफोन काढ, सगळ्यांना ऐकू दे.’’ त्याने खिळे काढलेल्या एका मोकळ्या जागी पेनी जमिनीवर ठेवली. ‘‘फिरव. मग सांग बाईंना, तुला आजवर कसं कळलं नाही ते.’’

आयव्हनचं यंत्र जुनं, डेनिसच्या मोडलेल्या यंत्राचंच भावंड. त्याच्यावर आकडा नाही, काटा नाही. सगळा कारभार कानावर. आयव्हनने तबकडी नाण्यावरून नेली. परत आणली. पुन्हा नेली.

काहीच आवाज आला नाही.

‘‘बघ,’’ आयव्हन म्हणाला. ‘‘बघ की. मुकं आहे. मी काय खोटं बोलतो?’’

डेनिसही वाकून ऐकत होता. त्यालाही काही ऐकू आलं नाही. यंत्रच बिघडलंय तर, त्याच्या मनात आलं.

‘‘बंद करा हो ते!’’ हॉवलेटबाई ओरडल्या. त्यांनी एका कानावर हात दाबला होता. कुत्रा उठून मान वाकडी करून यंत्राकडे बघत होता. ‘‘किती किंचाळतंय! आणि तुम्ही दोघं काय ऐकताय वाकून?’’

आयव्हनने तबकडी एकदा नाण्यावरून फिरवली, हळू. बाईंचा चेहरा आक्रसला. त्याने बाजूला नेली, चेहरा सैल झाला. पुन्हा आणली. तो यंत्राकडे नाही, बाईंच्या तोंडाकडे बघत होता.

‘‘ड्रिल,’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘ड्रिल,’’ डेनिस म्हणाला.

ड्रिलवर राबलेल्या कानांतून बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे कौंटीच्या डॉक्टरने दोघांनाही सांगितलं होतं. दोघांनीही, डॉक्टर दुसऱ्याच्या कानांबद्दल बोलतोय असं समजून ते सोडून दिलं होतं. जाड गुरगुर तेवढी आयव्हनला ऐकू यायची, आणि तो इमानाने तेवढीच खणायचा. नव्या यंत्रात वेगळी ताकद काही नव्हती. दुकानदाराने चांदीचा उंच आवाज खालच्या पट्टीत उतरवून डेनिसच्या उरलेल्या कानांत बसवला होता.

‘‘म्हणजे इतकी वर्षं मी यांच्यावरून चालतोय,’’ आयव्हन जमिनीकडे बघत म्हणाला. मग मान वर करून, ‘‘आणि तू मला चोर समजलास.’’

‘‘चार दिवस.’’

‘‘चार दिवस पुरतात.’’

डेनिसला माफी मागायची होती, पण तसलं काही तो कधी बोलला नव्हता आणि बाई उभ्या होत्या. त्याने आपले हेडफोन काढले आणि आयव्हनच्या डोक्यावर ठेवले. नवं यंत्र त्याच्या हातात दिलं. ‘‘बटणांना हात लावू नकोस,’’ एवढंच म्हणाला.

आयव्हनने तबकडी फिरवली आणि थबकला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. चेहरा दिसू नये म्हणून तो एकदम दुसरीकडे वळला.

‘‘दोघंही ना?’’ हॉवलेटबाईंनी विचारलं.

‘‘दोघंही,’’ डेनिस म्हणाला. ‘‘त्याला राहायचं असेल तर.’’

आयव्हनला ऐकू गेलं नसावं. तो खिळ्यांतून पुढे सरकत होता, हाताएवढ्या पट्ट्याने, एक बोट जागा न सोडता. थांबला. गुडघ्यावर बसला. तुकडा कापला, माती चाळली, उठला आणि मूठ मिटून चालत आला. डेनिसने हात पुढे केला. आयव्हन त्याच्यासमोरून गेला आणि पेनी हॉवलेटबाईंच्या हातावर ठेवली.

मग परत कोपऱ्यात गेला. डेनिसने त्याचं जुनं यंत्र उचललं आणि त्याने मागे सोडलेले खड्डे बुजवत राहिला. आपलं नवं यंत्र परत मागायचं त्याच्या मनात आलं नाही, आणि आयव्हननेही अंधार पडेपर्यंत ते दिलं नाही.