वाट बघायची तालीम

आमच्या परभणीच्या नाटक मंडळींचे किस्से मी कधी जमवले नाहीत, ते माझ्याकडे उरले. सांगणारे एकेक करून गेले. आता एकटाच चहा करतो, स्वतःलाच किस्सा सांगतो आणि हसतोही!

आमचे मास्तर शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी आमची तालीम घ्यायचे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत त्यांचा मुलगा मधू घर सोडून गेला, तो परत आला नव्हता. पत्र नाही, निरोप नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

*

सोपान मेंढपाळ, पण बायकांची कामं झकास करायचा. एकदा रडायच्या सीनला त्यानं पदरात कांदा लपवला.

"कांदा रडवायलाय, तू कुठं रडायलास?" मास्तर म्हणाले. "बस खाली. तुझी मेंढी मेली, ती कशी होती ते सांग."

सोपान सांगता सांगता मांडीवर हात फिरवत राहिला, तिचं डोकं तिथंच असल्यासारखा.

"हेच स्टेजवर कर."

"पण मास्तर, मी तर कायबी केलं न्हाई!"

"तेच करायचं हाय."

*

भीमराव चुडाव्याला रेल्वेत कारकून. नाटकात रिकामा कप एका घोटात संपवायचा. मास्तरांनी त्याला तालमीत रोज कढत चहा पाजला, जीभ पोळेपर्यंत! प्रयोगात हा रिकाम्या कपावर इतका वेळ फुंकर मारत बसला, की पुढची एक म्हातारी ओरडली, "आरं, बशीत वत की बाबा!"

*

नव्या नाटकात मी बाप होतो, परगावी गेलेल्या मुलाची वाट बघणारा. मी सारखा दाराकडे बघायचो. मास्तर वैतागले.

"कोण येणार ते तुला ठाऊक हाय, म्हणून बघायलास. दर रविवारी पिंगळीच्या टेशनावर जाऊन बस."

बसलो. गाड्या आल्या, गेल्या. तिसऱ्या रविवारी हमालानं विचारलं, "तुमचं माणूस आज बी आलं न्हाई का?" मला ना बायको, ना भाऊ. येणारं कुणी नव्हतंच. तरी शेवटची गाडी जाईपर्यंत बसून राहिलो. ते मास्तरांना सांगितलं.

"तू रविवारीच जात जा," ते म्हणाले. "मंगळवारी मी असतो तिथं."

*

प्रयोगाच्या दिवशी मला हिवताप! बापाचं काम मास्तरांनी घेतलं. मी घोंगडी पांघरून विंगेत, प्रॉम्प्टर. प्रयोग दुपारचा, जिनिंगच्या आवारात. मुलगा होणार होता भीमराव आणि त्याची पॅसेंजर लेट!

त्याच्या एन्ट्रीची वेळ टळली. मास्तर स्टेजवर शेंगा फोडत बसले. एक दाणा तोंडात, एक बाजूला. दाराकडे एकदाही पाहिलं नाही. दहा मिनिटं झाली, लोक हलेनात. शेवटी मागून एक शेतकरी उठला. "तुमी बसा, मी टेशनावर बघून येतो!" आणि खरंच निघाला. कुणी हसलं नाही.

शेंगा संपत आल्या तेव्हा भीमराव धापा टाकत थेट स्टेजवर आला. पाया पडला, "बाबा, मी आलो!"

आता बापानं मिठी मारायची होती. मी विंगेतून वाक्य पुरवलं, "आलास बाळा!" दोनदा पुरवलं.

मास्तरांनी त्याची हनुवटी वर केली, चेहरा नीट बघितला. मग बाजूला काढलेल्या दाण्यांवर हात ठेवला.

"ह्यो न्हाई," ते म्हणाले.