निजलेली जमीन

कुठलाही फोटो समोर ठेवला की पाक लुकास आधी विचारायचे, "नदी कुठे आहे?" नदी सापडेपर्यंत ते बाकी काही बघायचेच नाहीत. सापडली की कागद टेबलावर गोल फिरवायचे आणि नदीचं उगमाकडचं टोक वर, मुखाकडचं खाली, असा लावून घ्यायचे. उपग्रहाच्या फोटोत उत्तर दिशा वर असते, हे मी त्यांना पहिल्या आठवड्यात तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि कागद फिरवला.

जपानमध्ये, त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत आमची गाठ पडली. मी पुण्याहून आलेली सॉफ्टवेअरवाली. उपग्रहाच्या फोटोंवरून कुठे जंगल, कुठे शेत, कुठे वस्ती हे ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. पाक लुकास बोर्निओ बेटावरच्या, इंडोनेशियाच्या हद्दीतल्या नांगा बेरा नावाच्या गावचे शेतकरी. शहरापासून होडीने दोन दिवस, आणि शेवटच्या घरामागे लगेच घनदाट जंगल. झाड वरून बघून ओळखेल असा माणूस संस्थेला हवा होता, तो यांच्या रूपाने मिळाला. 'पाक' म्हणजे आपलं 'काका'. पंचावन्न-छप्पन्न वय, शाळा सहावीपर्यंत, आणि दीडशे झाडांची नावं तोंडपाठ. आम्ही मोडक्या जपानीत बोलायचो. दोघांचंही जपानी सारखंच वाईट, त्यामुळे एकमेकांचं छान समजायचं.

त्यांना डावं-उजवं फारसं ठाऊक नव्हतं. आल्यावर पहिल्याच रविवारी सायकल काढून ते साकुरा नदी शोधून आले, आणि तेव्हापासून त्सुकुबा त्यांना पाठ झालं. कॅन्टीन खालच्या अंगाला, प्रिंटर वरच्या अंगाला. ऑफिसातले लोक हसायचे. मी मात्र 'सरळ जा, मारुती लागेल, तिथे कुणालाही विचारा' या परंपरेतली, मला हसायचा काय अधिकार.

एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. गॅलरीत माझी कोथिंबीर पेरायची चालली होती. धणे रगडायचे, मातीवर भुरभुरवायचे, संपलं. ते अस्वस्थ झाले. "बी फेकायचं नसतं, वैशाली-सान," म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून एक चॉपस्टिक घेऊन कुंडीत भोकं पाडत गेले. मागून धणे टाकायला माझ्या मुलीला, ईराला लावलं. त्यांच्याकडे भात असाच पेरतात. पुरुष काठीने भोकं पाडत पुढे, बायका बी टाकत मागे, सगळं गाव एका रांगेत, आज याच्या शेतात तर उद्या त्याच्या. ईराने जपानीत विचारलं, एका भोकात किती टाकायचे? "मूठ तुझी, तू ठरव. पाखराचा वाटा तेवढा धर," ते म्हणाले. ती कोथिंबीर माझ्यापेक्षा चांगली आली, हे मी अजून कबूल केलेलं नाही.

जेवताना त्यांनी शेतीची सगळी रीत सांगितली. "जमीन दमते. एक-दोन वर्षं भात घ्यायचा, मग तिला निजू द्यायचं. सात वर्षं, दहा वर्षं. तोवर दुसऱ्या तुकड्यावर जायचं. तिच्यावर झुडपं येतात, झाडं येतात, हे तिचं पांघरूण." त्यांच्या आईचा तुकडा असाच निजला होता. पुढच्या वर्षी त्याला सात वर्षं होणार होती. करार संपवून परत जायचं आणि तो तुकडा उठवायचा, एवढ्यासाठी ते दिवस मोजत होते. तरण्या पोरी-पोरांनी गाव सोडलं होतं. त्यांची लेक रोझा तेवढी मागे राहिली होती, तीही कंटाळली होती. "आमची रांग आता लहान झाली," ते म्हणाले. "आईची जमीन उठवली, तर रोझा राहील."

परत जाताना मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. वाटेत गवताने भरलेलं एक भाताचं खाचर लागलं. ते सायकलवरून उतरले आणि पलीकडच्या बांधावरच्या जपानी आजोबांना विचारून आले, किती वर्षं निजलंय? आजोबा म्हणाले, मुलगा तोक्योत असतो, आता कोण करणार. पाक लुकासांनी सायकल पुन्हा हातात धरली. मग म्हणाले, "ही निजलेली नाही. हिला उठवायला कुणी येणार नाही." मला निजलेली काय आणि सोडून दिलेली काय, गवत सारखंच दिसत होतं. तेव्हाच नीट विचारायला हवं होतं.

माझ्या प्रोग्रॅमला जमिनीचे पाचच प्रकार ठाऊक होते. जंगल, शेत, वस्ती, पाणी आणि मोकळी जमीन. निजलेली शेतं धड जंगलात बसत नव्हती, धड शेतात. मी ती मोकळ्या जमिनीत टाकली. नांगा बेराचा नकाशा छापून आला तेव्हा पाक लुकासांनी तो सवयीने फिरवला आणि राखाडी भागावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"मोकळी जमीन, काका."

"ही माझ्या आईची. ही मावशीची. इथे ड्युरियनचं झाड आहे, आजोबांनी लावलेलं. मोकळी कुठे आहे?"

त्यांचं बरोबर होतं आणि मला ते कळत होतं. पण नवा प्रकार घालायचा तर प्रोग्रॅमला सगळं पुन्हा शिकवायला हवं, महिनाभराचं काम, आणि अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत नक्की करू. त्यांनी विचारलं, पुढची कधी? मी म्हटलं, वर्षभरात. "तुमच्या नकाशाचं पीक भातापेक्षा उशिरा येतं," ते म्हणाले. मला हसू आलं. मी म्हटलं, "हा शास्त्रज्ञांसाठी आहे हो. तुमच्या गावात कोण बघणार?"

"गावातलं कुणी बघणार नाही," ते म्हणाले. "तीच तर काळजी आहे."

पाच-सहा महिन्यांनी ते फोन घेऊन माझ्या टेबलापाशी आले. रोझाने फोटो पाठवला होता. गावात एक कंपनी आणि जिल्ह्याचे साहेब येऊन गेले होते. राखाडी जमीन कुणी कसत नाही, तिथे तेलाच्या पामची लागवड होणार, असं सांगून गेले. फोटोत होडीच्या फळीवर पसरलेला एक नकाशा होता. रंग माझे होते. तो राखाडी मीच निवडला होता, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. पाक लुकासांनी फोन हळूच फिरवला, नदीचं वरचं टोक वर केलं, आणि आईच्या तुकड्यावर बोट ठेवून उभे राहिले.

संस्थेने जिल्ह्याच्या साहेबांना पत्र लिहिलं, दुरुस्तीची टीप जोडली. उत्तर आलं नाही. आमच्याच नकाशामुळे झालं असं कुणी म्हटलं नाही; कंपनीला हवीच होती जमीन, दुसरा कागदही सापडला असता. ही समजूत मी स्वतःला पुष्कळदा घातली आहे. त्यांनी मला एकदा तरी बोल लावला असता तर बरं झालं असतं. ते मात्र रोज सकाळी "ओहायो, वैशाली-सान" म्हणत राहिले.

करार संपायच्या दोन महिने आधीच ते निघाले. विमानतळाच्या बसपाशी मी आणि ईरा गेलो होतो. मी माफी मागितली, जपानीत, कमरेत वाकून, कारण मराठीत मागितली असती तर रडले असते. ते म्हणाले, "जमीन निजलेली असताना कुणी परका विचारायला आला, तर शेजाऱ्याने सांगायचं, ही अमक्याची आहे. शेजाऱ्याला एवढंच काम असतं." मग म्हणाले, "तुम्ही वरून बघता. सगळ्यांच्या शेजारी तुम्हीच." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अजून टोचतं.

पुढच्या पावसाळ्यात रोझाचा निरोप आला. पाक लुकासांना ताप चढला, लोक होडीने दवाखान्यात न्यायला निघाले, पण ते दुसऱ्या दिवशी वाटेतच गेले. त्यांना आजोबांच्या ड्युरियनखाली ठेवायचं ठरलं होतं, पण ते झाड तोपर्यंत पाडलं होतं. रोझा आता शहरात एका दुकानात काम करते.

नवी आवृत्ती मी यंदा पुरी केली. 'निजलेली शेती' हा सहावा प्रकार त्यात आहे. कुठलं झाड दिसलं की जमिनीला निजून किती वर्षं झाली, हे त्यांनी जाण्यापूर्वी माझ्या वहीत लिहून दिलं होतं, ते सगळं त्यात घातलं. मग नांगा बेराचा ताजा फोटो लावला. या वेळी प्रोग्रॅमची तिथे एकही चूक झाली नाही. पामची झाडं सरळ रांगेत असतात, ओळखायला सगळ्यांत सोपी. सहावा प्रकार त्या गावात कुठेच उमटला नाही.

मी नकाशा छापला, टेबलावर ठेवला, नदी शोधली आणि उगमाकडचं टोक वर करून कागद नीट लावला. नंतर कुठे बोट ठेवायचं, ते मला कळेना.