हातभर अंतराचा नंबर

चर्चच्या मंडळीत आणि गल्लीत सगळे त्यांना चष्मेकाकू म्हणत. नवऱ्यामागे तीस वर्षं चष्म्याचं दुकान एकटीनं चालवलेली बाई. परदेशच्या सेवादौऱ्यावर निघाल्या तेव्हा बॅगेत स्वतःचे कपडे कमी आणि चाळिशीचे चष्मे जास्त.

तिकडे सोय पाहणारं जोडपं आपल्याच भाषेचं. बायको पूर्वी नर्स, म्हणून सगळ्यांची सिस्टर. नवरा मंडळीची जुनी व्हॅन चालवायचा. बावीस वर्षं दोघं तिथल्या कामगारवस्तीत प्रभूची सेवा करत होते. म्हणजे नेमकं काय, ते काकूंना कळेना. सिस्टर लोकांच्या घरी जाऊन नुसती बसायची. "बसणं हीच सेवा असेल तर माझा दीर केव्हाच संत झाला असता," काकू मनात म्हणाल्या.

तीन दिवस चष्मेवाटपाचं शिबिर झालं. बारीक अक्षरातलं शुभवर्तमान हातात द्यायचं, वाचता आलं की तोच चष्मा द्यायचा. कापडगिरणीतल्या एका बाईनं अख्खं पान घडाघडा वाचलं आणि काकूंना मिठीच मारली.

शनिवारी बाकीची मंडळी समुद्र बघायला निघाली. परतीचं विमान रविवारी. सिस्टर म्हणाली, "काकू, जरा गिरणीत येता? त्या बाईचा चष्मा खिशातच असतो. कापडात चुका राहतायत. मुकादम म्हणतो, सोमवारपासून मागावर नको."

"नंबर बरोबर आहे. माझ्यासमोर वाचलंय तिनं."

"वाचलं ना. पण माग काही हातात धरून वाचता येत नाही."

काकूंना राग आला, पण गेल्या. मुकादमानं सिस्टरला पाहताच दार उघडलं. त्याच्या आईची जखम तिनं दोन महिने धुतली होती. आत कानठळ्या बसवणारा खडखडाट. बाईनं काकूंसाठी म्हणून चष्मा चढवला आणि तुटलेला धागा शोधायला वाकली. वाकता वाकता कपाळ मागाच्या चालत्या फणीपाशी गेलं. सिस्टरनं तिला खांद्याला धरून मागे ओढलं, मुकादमानं माग बंद केला.

धागा हातभर अंतरावर होता आणि काकूंनी नंबर दिला होता पुस्तकाचा.

"मला सांगितलं का नाही हिनं?"

"तुम्ही इतक्या लांबून आलात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मग तुला कसं कळलं?"

"शिबिर झालं की मी प्रत्येकाकडे जाऊन बसते. दिलेली वस्तू वापरात आहे का, ते बसल्याशिवाय दिसत नाही."

काकूंनी व्हॅनमधून उरलेल्या चष्म्यांची पेटी मागवली. बाईला मागासमोर सरळ उभं केलं आणि एकेक हलका नंबर लावून पाहिला. पहिला नाही. दुसऱ्याला तिनं मान हलवली, पण तोंडदेखली. काकूंनी तोही काढून घेतला. "हिला म्हणावं, माझी भीड धरलीस तर याद राख." सिस्टरनं सांगितलं, बाई हसली. तिसरा चढवल्यावर तिला मान हलवायची शुद्धच राहिली नाही. ताठ उभ्यानं टोक पकडलं, गाठ मारली, माग चालू केला.

मुकादम तासभर कापडावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सोमवारी इथेच उभी राहा."

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "अशा किती जणांना मी नुसतं वाचायला लावलंय?"

"नऊ," सिस्टर म्हणाली. यादी तिच्या पिशवीत होतीच.

"मग इथे काय करतोय आपण? बसा गाडीत."

शिंपी झाला, न्हावी झाला, यंत्रं दुरुस्त करणारी म्हातारी झाली. काकू प्रत्येकाकडे बसल्या, कामाकडे पाहत राहिल्या, मगच पेटी उघडली. नवव्या दारातून व्हॅनमध्ये परतल्यावर सिस्टर म्हणाली, "काकू, प्रार्थना करता?" काकूंची प्रार्थना मंडळीत लांबीसाठी प्रसिद्ध. त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, ही दोघं दिलीस, तुझे आभार," एवढंच निघालं. सिस्टरच्या नवऱ्यानं आरशातून बराच वेळ वाट पाहिली, हळूच आमेन म्हटलं आणि किल्ली फिरवली.