आप्पांच्या पोहोच-वहीतली राहिलेली नोंद

श्री. सुपडू आप्पा महाजन यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असा समितीचा निरोप आला, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं. आप्पांविषयी आमच्या गावात एक खोटी गोष्ट बोलली जाते आणि ती कुठून सुरू झाली हे मला माहीत आहे. ते पुढे सांगेनच. आधी ओळख कशी झाली ते सांगते.

मी मूळची नवापूरकडच्या खांडबाऱ्याची. घरी आम्हा कोकणा आदिवासींची कोकणी बोली, शाळेत मराठी. चोविसाव्या वर्षी तापीकाठच्या या गावच्या नगरपालिकेत लिपिक म्हणून रुजू झाले, तेव्हा इथली अहिराणी माझ्या कानाला नवी होती. पहिल्याच आठवड्यात जलवाहिनीच्या दुरुस्तीची जाहीर सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'तांत्रिक कारणास्तव सदर प्रभागातील पाणीपुरवठा खंडित राहील, याची नागरिकांनी नोंद घ्यावी,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. आप्पा तेव्हा पालिकेत शिपाई होते. पाणी, कचरा, लसीकरण, घरपट्टीचं शिबिर, जे काही गावाला कळवायचं ते सायकलवर भोंगा बांधून गल्लोगल्ली सांगण्याचं काम त्यांचं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "ताई, अक्षर मोत्यासारखं शे. आते हाई आपली चहावाली मावशीले वाची दखाडा."

मी वाचून दाखवलं. मावशी कपबशा विसळत म्हणाली, "चांगलं शे. पन व्हयनं काय?"

आप्पा म्हणाले, "सकाय नळले पाणी नई. आजच भरी ल्या."

"मंग तसं सांग ना माय! मी समजनी, कोन्ही मरी गयं."

सगळं कार्यालय हसलं. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझाच कागद घेतला, त्याच्या मागच्या बाजूला मावशीचं वाक्य लिहिलं आणि मला परत दिलं. नोकरीतला माझा पहिला धडा तो.

आप्पांची कामाची एक पद्धत होती. चौकात थांबून ते सूचना दोनदा सांगत. मग भोंगा बंद करून समोरच्या एखाद्याला बोलावत आणि विचारत, "मी काय सांगं? उलट सांगा." ऐकणाऱ्यानं स्वतःच्या शब्दांत सूचना नीट परत सांगितली की आप्पा खिशातून एक लांबट वही काढून लिहीत: पाणी बंद, कुंभारवाडा, ऐकलं – सुमनबाई. चुकीचं सांगितलं, तर पुन्हा भोंगा सुरू. ही वही पालिकेच्या कुठल्याच यादीत नव्हती. आप्पा तिला पोहोच-वही म्हणत. एकदा कचरागाडीची वेळ बदलल्याचं सांगताना एका दुकानदाराला त्यांनी थांबवलं, तर तो वैतागून म्हणाला, "आप्पा, मी काय तुम्हना शाळामा शे का?" आप्पा म्हणाले, "शाळामा ऱ्हाता तं नापास करी टाकतू. बोल, गाडी कवय येई?" त्याला वेळ सांगता आली नाही. आसपासचे लोक दोन दिवस त्याला नापास म्हणून हाक मारत होते.

बाजाराच्या दिवशी नवापूरकडची माणसं मजुरीसाठी आमच्या गावात येत. त्यांना अहिराणी अर्धीच कळते हे आप्पांच्या लक्षात आलं. बाळांच्या लसीकरणाची सूचना होती. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या घरच्या बोलीत लिहून द्या." मी देवनागरीत कोकणी लिहून दिलं. दुपारी पालिकेच्या खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला. उच्चार इतके चुकत होते की बाजारातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आप्पा त्यांना म्हणाले, "हसा, पन चूक काढा." बायकांनी एकेक शब्द सुधारून दिला आणि आप्पांनी तो तिथेच घोकला. माझ्या आईची बोली सरकारी भोंग्यातून मी पहिल्यांदा ऐकली. खिडकीशी मी का रडते आहे हे शेजारच्या टेबलाला कळलं नाही.

पुढे आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. तेवढे दिवस माझं सूचनाफलकाचं काम आप्पांनी न सांगता केलं. मी परत आले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "डॉक्टरनी काय सांगं? उलट सांगा." मी सांगायला लागले आणि अडखळले. सकाळची गोळी कोणती, झोपतानाची कोणती, हे मला नक्की सांगता येईना. त्यांनी पालिकेचा फोन माझ्यापुढे सरकवला. दवाखान्यात विचारलं तेव्हा कळलं की मी दोन्ही उलट्या देत होते. औषधांवर का होईना, आई आज आहे. तिला आप्पांचं नाव घेतल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, असं ती म्हणते.

एवढं सगळं ज्या माणसाकडून घेतलं, त्याच्याशी मी जे वागले ते आता लिहिते.

आप्पा निवृत्त झाले, तरी पालिकेनं त्यांना मानधनावर ठेवलं होतं. सूचना कक्ष तोपर्यंत माझ्याकडे आला होता. गावात सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, तेव्हा मी प्रभागवार व्हॉट्सॲप ग्रुप केले. सूचना चित्रासारखी सजवून टाकायची, लोक अंगठे दाखवायचे, माझं काम बसल्या जागी व्हायचं. आप्पांचे गुडघे दुखत. सायकलवरून उतरताना ते हँडल धरून क्षणभर थांबत, ते मला पाहवत नसे. भोंग्याची फेरी बंद करावी अशी टिपणी मीच लिहिली. तिच्यात 'कालबाह्य' हा शब्द होता. टिपणी मंजूर होईपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं ठरलं. म्हणजे सूचना आली की मी ग्रुपवर टाकायची आणि आप्पांना फोन करायचा.

शिवरात्र नुकतीच झाली होती. पुलाखाली नदीच्या वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या बहरात होत्या. वरच्या बंधाऱ्याची दारं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार असल्याचं पत्र दुपारी आलं. मी लगेच ग्रुपवर टाकलं. पाचेक मिनिटांत भराभर अंगठे आले. आप्पांना फोन करायला हात उचलला आणि खाली ठेवला. ऊन फार होतं. त्या गुडघ्यांनी ते नदीपर्यंत कशाला जातील, सगळ्या गावानं तर वाचलंच आहे, असं मला वाटलं. हे वाटणं मायेचं होतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. त्यात माझा ग्रुप पुरेसा आहे हे दाखवायची हौसही होती. आणि वाळूत वाडी करणाऱ्यांपैकी कोणीच माझ्या ग्रुपात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी मोबाइलवरचा मजकूर मोठ्यानं वाचला, तेव्हा आप्पांना कळलं. भोंगा न घेताच ते सायकल हाणत नदीवर गेले. पाणी वाळूत शिरायला लागलं होतं. त्यांनी ओरडून माणसं बाहेर काढली. वाडीवाल्यांपैकी इंदूबाई आपल्या वेलांपासून हलेना, तिला दंडाला धरून वर आणलं. माणसं वाचली. वाड्या गेल्या. काठावर उभ्या असलेल्या लोकांनी टरबुजं पाण्यावर तरंगत जाताना पाहिली.

संध्याकाळपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होतं, "आप्पा इसरनात. वय व्हयनं त्यासनं." इतकी वर्षं नदीची सूचना आप्पाच सांगत आले होते. ती आली नाही, म्हणजे तेच विसरले. लोकांचा हिशेब सरळ होता. पालिकेच्या पुढच्या बैठकीत एका सदस्यांनी तेच म्हटलं, "वयोमानानुसार होतं." मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. 'मी त्यांना कळवलंच नव्हतं,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. आप्पा दाराशी बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी बोलले नाही. ते उठून म्हणाले, "यापुढे ग्रुपच चालू द्या. ताई चांगलं करतात." भोंगा, बॅटरी आणि ती वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

वहीची शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात आहे: बंधाऱ्याचं पाणी, नदीची वाळू, सूचना पोहोचली नाही – सुपडू. का पोहोचली नाही, ते लिहिलेलं नाही.

ही वही तीन वर्षं माझ्या कपाटात आहे. मधल्या काळात भोंग्याची फेरी पुन्हा सुरू व्हावी म्हणून मी टिपणी दिली. ती मंजूर झाली. आता बाजाराच्या दिवशी मी स्वतः जाते आणि उलट सांगायला लावते. एवढं केलं म्हणजे झालं, असं मानून मी दिवस काढले.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर समितीकडे देण्याआधी मी आप्पांच्या घरी गेले. ते ओट्यावर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना तेल लावलेलं. मी सगळं वाचून दाखवलं. नदीच्या भागाशी माझा आवाज गेला, तेव्हा ते म्हणाले, "पानी पी, मंग वाच." शेवटपर्यंत ऐकून घेऊन ते म्हणाले, "मले काय सांगी ऱ्हायनी? मले तं त्याच दिनले ठाऊक व्हतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुन्ही नोकरी, तुन्ही माय आजारी. मन्हं नाव जुनं शे. म्हनं, टिकी जाई." मग त्यांनी विचारलं, "इंदूले सांगं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग पोहचनं कोठे?"

आप्पांचं नाव टिकलं नव्हतं. इंदूबाईनं तीन वर्षं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. ती आता बाजारात भाजी विकते. मी दुसऱ्या दिवशी तिच्या पाटीसमोर बसले आणि सांगितलं. मेथीच्या जुड्या लावणारा तिचा हात थांबला.

"आते सांगी ऱ्हायनी? तीन वरीस मी त्या मानूसले राम राम करा नई. समोरथून उनात तं मी तोंड फिरावं. आनि तू आठेच भाजी ली जायेस मन्हाकडथून!"

मी पाटीसमोरून उठले नाही. म्हटलं, "इंदूबाई, मी काय सांगितलं ते एकदा उलट सांगा."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग शेजारच्या चार पाट्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "आप्पा इसरनात नई. तू इसरनी. बरोबर शे, का आखो सांगू?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तिनं पाटीतली चांगली जुडी बाजूला काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "हाई त्यासनासाठे. मीच ली जासू."

या ग्रंथाच्या वाचकांना माझी विनंती आहे, हे पान वाचून झालं की शेजारच्या एकाला तरी सांगा आणि त्याच्याकडून उलट ऐकून घ्या. आप्पांच्या गुडघ्यांना आराम पडो, चौकातली हाक ऐकायला त्यांचे कान असेच तिखट राहोत. ज्यांनी तीन वर्षं राम राम टाळला ते सगळे त्यांच्या ओट्यावर येऊन बसोत आणि त्यांची शंभरी आम्हाला त्याच ओट्यावर साजरी करता येवो. मला त्यांच्याकडे पुष्कळ शिकायचं राहिलं आहे. तेवढी वर्षं त्यांनी मला द्यावीत.

पोहोच-वहीतल्या त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी काल माझ्या अक्षरात लिहिलं: आप्पा विसरले नव्हते, बाजार, ऐकलं – इंदूबाई.