फॅटच्या मशीनसाठी थांबणारी ओळ

संगमनेरजवळच्या त्या गावात स्नेहल सून म्हणून आली ती कॉम्प्युटरची पदवी घेऊन. डेअरीतल्या मशीनवर दुधाला किती फॅट लागली, ते आपोआप दूध घालणाऱ्याच्या नावावर चढवणारा प्रोग्राम तिने लिहिला. इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. सुधारायला सगळे पुढे, निस्तरायला ही एकटी!

त्यातल्या एका ओळीला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. जुनी मशिनं नवं दूध घातल्यावरही क्षणभर आधीच्याच दुधाचा आकडा दाखवतात. तेवढा वेळ प्रोग्रामला थांबवणारी ती ओळ. शेजारी तिने कारणही लिहून ठेवलं होतं, पण वाचतो कोण?

या सुधारणाऱ्यांपैकी पुण्याच्या धवलला ते थांबणं खुपलं. "रांग खोळंबते, काढून टाकू." स्नेहल नाही म्हणाली. मग सुधारणाऱ्यांच्या गटात ताई आडमुठ्या आहेत असं ठरलं, आणि एकीच्या नकाराने काम अडू नये असा नियमही झाला. धवलने एक मशीन मिळवून चाचणी घेतली. कशी? एकाच पिशवीतलं दूध पुन्हा पुन्हा घालून! आधीचं दूध तेच, नंतरचंही तेच, मग आकडा चुकणार कसा? दीडशहाणा मेला. ओळ गेली.

नवा प्रोग्राम डेअरीत आला त्या सकाळी जर्सी गाईच्या दुधामागे स्नेहलच्या सासूबाईंचा, रंगुबाईंचा नंबर लागला. म्हशीच्या दुधाला गाईची फॅट लागली. रांगेत ज्यांना जास्त लागली ते गप्प बसले. जिला कमी लागली ती चोर ठरली.

"मावशी, पानी जरा बेतानं घालत जा," सेक्रेटरी मच्छिंद्र भर रांगेत म्हणाला.

"जल्मात थेंब न्हाई घातला रं!"

स्नेहल धावत गेली, घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. मच्छिंद्रने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर प्रोग्राम तुमचाच ना, वैनी?" रांग हसली.

तिने ओळ परत घातली. धवलने कौतुकाचा अंगठा पाठवला. माफीचा शब्द नाही.

"तुझं हुतं, तर लोकांच्या हाती दिलं कशापायी?" रंगुबाईंनी एवढंच विचारलं. स्नेहलला रडू फुटलं.

रंगुबाई पुन्हा डेअरीची पायरी चढल्या नाहीत. त्यांच्या म्हशीचं दूध आता शेजारणीच्या नावावर जातं, आणि फॅट अगदी बरोबर लागते.